चारलेला साक्षीदार

माझी जमीन श्वास सोडते, हे मला सांगायला डॉक्टर वफीक कैरोहून आला. काळ्या काचांची थंडगार गाडी, आणि पायात असे चकचकीत बूट, की बांधावर उभा राहिला तेव्हा बगळ्यासारखा एकेक पाय उचलून बघत होता. तुतीच्या झाडाखाली माझ्याच बाकावर बसून, माझाच चहा पीत त्याने समजावलं, की हाज्जा इन्साफ, तुमच्या गव्हाच्या मातीतून एक वायू निघतो. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, पण वर जातो आणि आभाळ तापवतो. कोळशाच्या धुरापेक्षा जवळजवळ तीनशे पट.

"डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही," मी म्हटलं, "मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"यंत्र सांगतं."

"कुठे आहे यंत्र?"

"कैरोत."

"म्हणजे माती इथे आणि नाक कैरोत."

तो हसला, म्हणजे दात दाखवले. "दाताचे डॉक्टर रोग्याला हसवायचा वायू देतात ना, हाज्जा? तोच हा."

"मग आमच्या गावात चाळीस वर्षांत कोणी हसलं कसं नाही?"

माझा मुलगा शहाता मला डोळ्यांनी दटावायला लागला. शहाता म्हणजे भिकारी. त्याच्या आधीची माझी दोन मुलं जगली नाहीत, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं. दृष्ट लागली नाही, पण नावाचा गुण लागला. कोणी जरा गोड बोललं की याचा हात पुढे. डॉक्टरने त्याला दोनदा 'रईस', म्हणजे मुखिया, म्हटलं, आणि गाढवसुद्धा ज्याला रईस समजत नाही अशा माझ्या लेकाने रस्त्याकडेचे बारा किरात, म्हणजे अर्धा एकर, देऊन टाकले. माझे बारा किरात. माझ्या बापाने मला दिलेले, नवऱ्याच्या घरचे नव्हेत.

बारा किरातांचे त्यांनी तीन वाफे पाडले. पहिल्यात आमच्या पुरुषांच्या रीतीने खत टाकायचं, म्हणजे सोसायटीतून युरियाची पोती आणायची आणि लग्नात साखर वाटल्यासारखा युरिया उधळून वर पाणी सोडायचं. दुसऱ्यात तोच युरिया कमी, तीन हप्त्यांत, रोपाच्या मुळाशी मातीत दाबून. आणि तिसऱ्याला काही नाही. पाणी तेवढं.

"या तिसऱ्याला आम्ही शाहिद म्हणतो," डॉक्टर म्हणाला. शाहिद म्हणजे साक्षीदार. बाकी दोघांची झडती घेताना हा उभा राहून सांगणार, की मातीचा स्वतःचा श्वास एवढा, आणि त्याच्या वरचा तो खताचा.

"उपाशी ठेवलेला साक्षीदार खरं बोलतो, हे कोणत्या शाळेत शिकवतात?" मी विचारलं.

डॉक्टर घड्याळ बघत होता.

कोणता वाफा कुठे, हे त्यांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं. एवढे शिकलेले लोक, आणि माझ्या चहाच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकतात. उपाशी वाफा आला तो नेमका वजीदाच्या दारासमोर. वजीदा माझी धाकटी जाऊ. आमची दारं इतकी वर्षं समोरासमोर आहेत, आणि इतकी वर्षं माझ्या पातेल्यात काय शिजतंय हे ती माझ्याआधी गावाला सांगते.

डॉक्टर त्या दिवशी गेला तो जवळजवळ गेलाच. काम करायला त्याने एक पोरगी ठेवली.

तिचं नाव रबाब. दमनहूरची. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सात वाजता मिनीबसमधून उतरायची, पाठीवर बोचकं, दोन्ही हातांत पांढऱ्या पेट्या. पहिल्या दिवशी मी तिला बघून शहाताला म्हटलं, "अरे, यांनी वाऱ्याचा वायू मोजायला वाऱ्याने उडेल असं माणूस पाठवलं." तिने ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हाच मला वाटलं, ही टिकेल.

तिचं काम असं. प्रत्येक वाफ्यात तीन लोखंडी चौकटी मातीत दाबलेल्या. चौकटीच्या काठाला पन्हाळी. पन्हाळीत पाणी ओतायचं आणि वर पेटी पालथी घालायची, म्हणजे आतली हवा आतच राहते. मग दर पंधरा मिनिटांनी दवाखान्यातल्यासारख्या सुईने पेटीतली हवा ओढायची आणि रबरी बुचाच्या छोट्या काचेच्या कुपीत भरायची. प्रत्येक पेटीतून चार कुप्या. नऊ पेट्या. कुपीवर वाफा, चौकट, वेळ, सगळं लिहायचं. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडल्या तरी अक्षर हललं नाही. मला अक्षर वाचता येत नाही म्हणा, आकडे येतात, सही येते. पण सरळ ओळ आणि वाकडी ओळ मला कळते. भाकरी थापणारीला कळतेच.

मी तिला म्हणायची, "अगं, आधी चार घास खा. चीज आहे, गरम भाकरी आहे."

"कुप्या झाल्या की, हाज्जा."

"कुप्या पळून जाणार आहेत?"

"हवा पळून जाते."

असं म्हणून ती त्या चिखलात बगळ्यांच्या मध्ये बसून राहायची, गुडघ्यावर घड्याळ ठेवून. हिच्यापुढे आमचे पुरुष बघा. पाण्याची मोटर चालू करून चहाच्या दुकानात जातात, आणि बांध फुटला की नशिबाला शिव्या देतात.

एकदा भाकरी खाताना तिने सांगितलं, की मागच्या वर्षीचा तिचा हंगाम वाया गेला. कैरोतलं यंत्र बिघडलं, कुप्या दोन महिने पडून राहिल्या. मास्टर्सची पदवी या वर्षी पुरी झाली नाही तर विद्यापीठातली तिची जागा जाईल आणि तिला कुठल्यातरी कचेरीत शिक्के मारायला बसवतील.

"मग? शिक्के मारणं सोपं आहे," मी म्हटलं. "तिथे पंखा असेल."

"मला हेच करायचंय, हाज्जा," ती म्हणाली. एवढंच. रडली नाही, आवाज चढवला नाही. मला रडणाऱ्या मुलींचा वीट आहे, म्हणून हे लक्षात राहिलं.

दर वेळी निघताना ती एक छापील कागद काढायची. डॉक्टरने तयार केलेला. वाफ्यावाफ्याने विचारायची, "पाणी कधी दिलं? समाद किती टाकलं?" आता समाद म्हणजे काय, हे आमच्याकडे चिमुरडीलाही ठाऊक आहे. समाद म्हणजे सोसायटीतलं पोतं. गोठ्यातलं शेण, राख, कबुतरांची विष्ठा, याला समाद कोणी म्हणत नाही. ते सबाख. त्या कागदावर सबाखाचं घरच नव्हतं. डॉक्टर वफीकला वाटत असेल, गहू दुकानातच उगवतो.

कियाक, आमचा ऐन थंडीचा महिना, लागला आणि साक्षीदार पिवळा पडायला लागला. आधी टोकं, मग पातीच्या पाती. शेजारचे दोन वाफे काळेशार हिरवे, आणि मधोमध, रस्त्याला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, माझ्या बापाची जमीन क्षय झालेल्या माणसासारखी उभी. गाढवावरून जाणारे थांबून बघायचे. टुकटुकवाले बघायचे.

वजीदा तर रोज सकाळी उंबऱ्यावर बसूनच बीन्सच्या शेंगा सोलायला लागली. "जाऊबाई," ती ओरडायची, गल्लीभर ऐकू जाईल असं, "तुमच्या गव्हाला कावीळ झालीय का हो? नाही, माझ्याकडे थोडा युरिया उरलाय, म्हटलं विचारावं. शेजारधर्म."

"प्रयोग आहे तो. सरकारी."

"हो ना. आमच्याकडे पण होता असा प्रयोग. माझ्या सासऱ्यांकडे खताला काही नव्हतं त्या वर्षी."

सासरे माझेही तेच होते. पण ती बोलते तेव्हा ते फक्त तिचे होतात.

मी तीन आठवडे सहन केलं. मी, जिच्या जमिनीवर उभं राहून लोकांनी मुलींची लग्नं ठरवली, की इन्साफच्या शेजारी जमीन आहे म्हणजे चांगलीच असणार. मग एका शुक्रवारी दुपारी, सगळे पुरुष मशिदीत, बायका स्वयंपाकात, आणि शुक्रवार म्हणून रबाबचीही सुट्टी, मी आमच्या कबुतरांच्या बुरुजात शिरले. वर्षाची विष्ठा तळाशी साचलेली, वाळलेली, भुगा झालेली. आठ पाट्या भरल्या. एकेक डोक्यावर घेतली. वजीदाचं दार त्या वेळी बंद असतं, ती नमाज झाल्यावर लेकीशी फोनवर बोलत बसते आणि तिची आणखी दोन कामं होतात, गप्पा आणि चहाडी. मी चौकटी सोडून सगळीकडे भुगा विखरला. मग वाटलं, चौकटीतला गहू तेवढा पिवळा राहील, उठून दिसेल. म्हणून चौकटीतही टाकला, एकेक मूठ. दुसऱ्या दिवशी आमची पाण्याची पाळी होती, कालवा बंद व्हायच्या आधीची शेवटची.

पंधरा दिवसांत साक्षीदाराच्या अंगावर मांस चढलं.

रबाबने नेहमीसारखं विचारलं, "तिसऱ्या वाफ्यात समाद?"

"समाद? एक दाणा नाही," मी म्हटलं. शब्दशः खरं होतं. मी हजला जाऊन आलेली बाई आहे, खोटं बोलत नाही.

पण वजीदाला काय सांगितलं, ते वेगळं. ती उंबऱ्यावर आली, वाफ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा युरियाचं नाव काढलं नाही. तेव्हा मी म्हटलं, "बघ. काही दिलं नाही. वल्लाही, काही म्हणजे काही नाही. ही माझ्या बापाची माती आहे, नुसत्या पाण्यावर उभी राहते. तुमच्याकडच्या मातीला पोती लागतात." मी वल्लाही म्हटलं. देवाची शपथ घातली, वीस पौंडांच्या हिरवळीसाठी. हे सांगतानाही मला माझाच तिटकारा येतो, पण सांगते.

गावात बातमी फिरली. लोक बघायला यायला लागले. मी पुन्हा दोनदा पाट्या वाहिल्या, एकदा अमशीर महिन्याच्या वाऱ्यात, एकदा रमजानमध्ये रोजा धरून. एकदा सुरू केलं की थांबता येत नाही. गव्हाने मान खाली घातली असती तर माझीही गेली असती. डॉक्टर वफीक मध्ये एकदा येऊन गेला, हिरवा वाफा बघून खूष झाला, फोन हातात धरून स्वतःचं चित्रीकरण केलं. "बघा मित्रहो, एक ग्रॅम खत न घालता!" मागे माझा गहू, पुढे त्याचं कपाळ. वाकून मूठभर माती नाकाला लावली असती तर कबुतराचा वास आला असता. पण त्याचं नाक कैरोत होतं.

बरमूदाचा महिना आला, ओंब्या भरल्या, आणि डॉक्टर शेवटचं बघायला आला. सोबत मन्सूराहून आलेले एक म्हातारे परीक्षक, कानात ऐकायचं यंत्र. मी सकाळपासून फतीर भाजली होती, तुपाची, पापुद्रे सुटलेली. तुतीखाली सगळे बसले. बायकाही बांधावर जमल्या, वजीदा सगळ्यांत पुढे. रबाब एका बाजूला उभी, छातीशी कागदांची चळत धरून.

डॉक्टरने एक कागद सगळ्यांसमोर उघडला. त्यावर तीन रेघा होत्या. युरिया उधळलेल्या वाफ्याची रेघ उंच. युरिया दाबलेल्या वाफ्याची निम्म्याने खाली, आणि गहू तेवढाच. म्हणजे ते खरंच निघालं, की उधळलेलं खत निम्मं आभाळात जातं. शेण मातीत दाबावं, हे माझ्या आईने मला सात वर्षांची असताना सांगितलं होतं, तेही फुकट. पण चला, कळलं. आणि तिसरी रेघ साक्षीदाराची. ती जमिनीलगत सरळ जायला हवी होती. तिच्यावर चार डोंगर होते.

"हे काय आहे?" डॉक्टर रबाबला म्हणाला.

"सर, मला माहीत नाही. मी कुप्या तपासल्या, परत..."

"खत न घातलेली माती खत घातलेल्या मातीपेक्षा जास्त वायू सोडते? कोणत्या पुस्तकात आहे?"

"नाही सर. पण आकडे तेच आहेत."

"आकडे तेच असणार, तू लिहिलेत ना!" त्याने आवाज चढवला, परीक्षकांना ऐकू जाईल इतका, आणि परीक्षकांना कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या गावाला गेला. "एकतर तू कुप्या अदलाबदल केल्यास, नाहीतर घरी बसून भरल्यास. दमनहूरहून दर खेपेला कोण येतंय पहाटे उठून? मला काय कळत नाही?"

पोरीचा चेहरा फतीरच्या पिठासारखा झाला. "सर, मी एकही दिवस चुकवला नाही."

"मी तुझं नाव पदवीच्या यादीतून काढून टाकतोय. उद्या कचेरीत ये, कागद नेऊन टाक. दुसरं काहीतरी कर. शिकवून शहाणं होत नाही सगळ्यांना."

बांधावर बायका कुजबुजल्या. वजीदा मोठ्याने म्हणाली, "बिचारी! इथे तर सोमवार-गुरुवार न चुकता दिसायची हो." तिला त्या पोरीची दया आली होती. वजीदाला. आणि मी हातात फतीरचं ताट घेऊन उभी होते.

त्या वेळी मला काय वाटलं, ते सांगते. मला वाटलं, गप्प बसावं. पोरगी शहरातली आहे, तरुण आहे, कुठेतरी लागेल. मी बोलले तर हे सगळं गाव, वजीदासकट, मरेपर्यंत माझ्या तोंडावर हसेल. माझी मातीची बढाई, माझी शपथ, सगळं कबुतराच्या घाणीतून आलेलं. डोंगर बघून मला एका क्षणात कळलं होतं ते काय आहेत. पाट्या मी मोजल्या होत्या.

पण समोर डॉक्टर वफीक नखाने दात कोरत होता. माझ्याच फतीरचा तुकडा त्याच्या दातात अडकला होता. या माणसाने हंगामभरात तीनदा येऊन त्या पोरीच्या सकाळींवर आपलं नाव घातलं, आणि आता तिला चोर म्हणून दातकोरणं मागत होता. असल्या माणसाच्या बाजूने मी साक्ष देत होते. गप्प बसून देत होते, पण देतच होते.

मी ताट खाली ठेवलं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "पोरीच्या कुप्या बरोबर आहेत. तुमच्या साक्षीदाराला मी चारलंय."

"काय?"

"चारलंय. साक्षीदाराला चारतात ना कोर्टात, तसं. कबुतरांचा सबाख. तीन वेळा."

डॉक्टर हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखा आवाज काढून. "हाज्जा, तुमचं मन मोठं आहे. पोरगी तुमच्या घरी जेवली, तुम्हाला माया लागली. पण हे विज्ञान आहे. दया नाही चालत."

म्हणजे मी खोटं बोलले तेव्हा याने फोनमध्ये साठवलं, आणि खरं बोलतेय तर याला माया दिसते! मला इतका राग आला की लाज गेली.

"रबाब, कागद काढ," मी म्हटलं. "पहिली खेप कियाक संपायला पाच दिवस होते तेव्हा. गावातल्या ख्रिस्ती मार्थाच्या घरचा सण होता, त्याच्या आधीचा शुक्रवार. शनिवारी पाणी."

रबाबने बोटांवर मोजलं, कॉप्टिक महिन्यावरून इंग्रजी. "तीन जानेवारी. पाणी चारला." कागदावर बोट ठेवलं. "सहा जानेवारी, सोमवार. पहिला डोंगर."

"दुसरी, अमशीरची सात. शुक्रवार. वारा इतका की निम्मा भुगा माझ्याच डोळ्यांत गेला."

"चौदा फेब्रुवारी." तिचं बोट भराभर पुढे सरकलं. "सतराला चढलंय."

"तिसरी, रमजानचा दुसरा शुक्रवार."

"चौदा मार्च. सतराला. हाज्जा, तिन्ही बरोबर!" मग ती थांबली. "पण चौथा डोंगर? तीन मार्चचा?"

"तीनच वेळा टाकलं मी. देवाशप्पथ." म्हटलं आणि जीभ चावली. त्या शपथेची आता काय किंमत होती?

डॉक्टरने लगेच कागद घडी घालायला घेतला. "बघा. एक जुळत नाही. मग बाकीचे योगायोग."

आणि तेव्हा माझा लेक, रईस शहाता, खाकरला.

"अम्मा," तो म्हणाला, जमिनीकडे बघत, "ती मी."

"काय तू?"

"पाऊस येणार होता ना, अमशीरच्या शेवटाला. मला वाटलं, तुझी मान खाली जायला नको. म्हणून थोडा युरिया मारला."

"आणि मी गावभर सांगत होते की मातीला काही दिलं नाही!"

"मला काय माहीत, तू पण देतेस! मला वाटलं, सगळं माझ्या युरियाने हिरवं झालं."

बांधावर आधी वजीदा हसली, मग सगळ्याच. हसवणारा वायू म्हणे. आई आणि मुलगा, एकमेकांपासून लपून, एकाच वाफ्याला दोन बाजूंनी भरवत होते, आणि मधे तो चार किरातांचा साक्षीदार दोघांचं खाऊन फुगत होता. मला हसू आलं नाही. मी शहाताकडे बघितलं, आणि विचार केला, की याचं नाव ठेवताना मी फारच कमी मागितलं.

मन्सूराचे म्हातारे परीक्षक तोवर फतीर खात होते. त्यांनी हात पुसले, यंत्र कानात नीट बसवलं, आणि रबाबकडून तो छापील कागद मागून घेतला. उलटसुलट बघितला.

"यावर सेंद्रिय खताचा प्रश्न का नाही?" त्यांनी विचारलं.

"सर, समाद लिहिलंय की," डॉक्टर म्हणाला.

"इथे समाद म्हणजे काय, हे कोणी विचारलं होतं का?"

डॉक्टर परीक्षकांच्या जवळ सरकला. आवाज खाली करून म्हणाला, आणि हे मी माझ्या कानांनी ऐकलं, "सर, आपण हे चार दिवस वगळू. बाकीची रेघ सरळ आहे. बियाणं, माती, सगळं तसंच दाखवू. कोणाला कळणार आहे?"

मी आयुष्यात खूप हलके लोक बघितले. धान्यात खडे मिसळणारे, म्हशीला मीठ चारून पाणी पाजून बाजारात वजन वाढवणारे. पण ते कमीत कमी शिकलेले नव्हते.

"नको, सर," रबाब म्हणाली. परीक्षकांच्या आधी. "चार दिवस काढले, तर बाकीचेही खोटे होतील. त्यानंतर मातीत जे उरलं ते रोजच निघत होतं. तो वाफा साक्षीदार राहिलाच नाही. मी तसं लिहीन."

"मग तुझ्याकडे तुलनेला काय उरलं? काही नाही! पदवी कशी होणार?"

"नाही झाली तर नाही झाली."

परीक्षकांनी त्या चार डोंगरांवरून एकेक करून बोट फिरवलं. "तारखांनिशी पकडलंय हिने," ते शेवटी म्हणाले, "न सांगता टाकलेलं खत. हे मोजमाप मी नाकारणार नाही. मुदत एक हंगाम वाढवून द्या, माझी सही घ्या. पण साक्षीदार वाफा नव्याने लागेल, आणि त्याला या वेळी कोणी काही चारायचं नाही."

"हाज्जाच्या जमिनीत नाही," डॉक्टर म्हणाला. "हिच्यावर भरवसा नाही."

हिच्यावर! डॉक्टर वफीकच्या तोंडून!

"माझ्याच जमिनीत," मी म्हटलं. "नव्या जागी. हा वाफा आता पाच वर्षं खरं बोलणार नाही, खूप खाल्लंय त्याने. दक्षिणेकडचे चार किरात घ्या, तिथे मी गेली दोन वर्षं काही घातलेलं नाही. विचारायचं असेल तर आत्ता विचारा, तुमच्या कागदावर घर नसलं तरी."

डॉक्टर गाडीत जाऊन बसला. काच वर केली. गाडी बराच वेळ तिथेच घुरघुरत उभी होती, आणि तिचा धूर मात्र सगळ्यांना दिसत होता, सगळ्यांच्या नाकाला कळत होता.

बायका पांगल्या. वजीदा जाता जाता थांबली. "जाऊबाई, बुरुजात अजून उरलंय का हो? माझ्या भेंडीला पाहिजे होतं."

"पाटी घेऊन ये," मी म्हटलं. "पण स्वतः वाहा. आणि मातीत दाब, उधळू नकोस. निम्मं आभाळात जातं."

रबाब तुतीखाली बसली होती, कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने रेघा मारत. सबाख गाईचा, सबाख कबुतरांचा, राख, कालव्यातला गाळ, मागच्या पिकाचं काड. प्रत्येकाला घर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हाज्जा, मला तुमचं म्हणणं लिहून घ्यावं लागेल. प्रबंधात जोडायला. तुमची सही लागेल."

"लिही," मी म्हटलं. "हाज्जा इन्साफ म्हणते, मी खोटं बोलले नाही. मला सबाखाचं विचारलंच नाही."

तिने तेवढं लिहिलं. पेन उचललं नाही.

"हाज्जा, तुम्ही मला खोटं नाही सांगितलंत. पण वजीदाताईंना सांगितलंत, वाफ्याला काही म्हणजे काही दिलं नाही. शपथ घेऊन. गावभर तेच झालं, आणि म्हणून मीही कधी दुसरं काही विचारलं नाही. तेपण लिहू?"

काय ही पोरगी! मी तिच्यासाठी सगळ्या गावासमोर नाक कापून घेतलं, आणि हिला अजून नाकाचा तुकडा हवा होता. मी तिच्या भेगाळलेल्या बोटांकडे बघितलं. पेन कागदावर टेकलेलं, वाट बघत. पेटीवर सुई धरून पंधरा मिनिटं मोजत बसायची तशीच.

"लिही," मी म्हटलं. "मग वाचून दाखव. सही मी अक्षरात करणार, अंगठा नाही. डॉक्टरला वाटायला नको, की ही बाई वाचून न घेता कशाच्याही खाली नाव घालते, त्याच्यासारखी."